दीर्घकालीन मधुमेह आणि मेंदूची झीज

अनेक वर्षे मधुमेह असलेल्या माणसांत विचारांचा वेग, एकाग्रता आणि स्मरणशक्ती वयाच्या मानाने लवकर मंदावते, त्या स्थितीविषयीची ही नोंद. मधुमेही माणूस डोळे तपासून घेतो, पायांची काळजी घेतो. मेंदूची तपासणी मात्र बहुधा कोणाला सुचत नाही. टाइप २ मधुमेहात डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका इतरांच्या सुमारे दीडपट असतो. रक्तवाहिन्यांच्या बिघाडातून होणाऱ्या डिमेन्शियाचा धोका त्याहूनही जास्त असतो.

गोव्यात हा प्रश्न घरोघरचा आहे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात की मधुमेहाचे देशातील सर्वाधिक प्रमाण गोव्यात आहे : प्रौढांपैकी २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४ टक्के आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी वीसेक टक्के तो एकटा वापरतो, आणि ती मुख्यतः ग्लुकोजमधून घेतो. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की मेंदूच्या आतील केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद होतात. लक्षातही न येणारे पक्षाघाताचे छोटे झटके येऊन जातात आणि एमआरआयमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागात डाग दिसतात. सोबत रक्तदाब असेल तर ही झीज आणखी वाढते. डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या याच जातीच्या असल्यामुळे तिथे बिघाड दिसला, तर मेंदूकडेही लक्ष द्यावे.

सुरुवात बहुधा नावे विसरण्यापासून होत नाही. आधी क्रम आणि वेग बिघडतो. आयुष्यभर खतखते केलेल्या बाईची तेफळे घालायची राहतात. पेडण्याहून निघून म्हापशाला बस बदलून पणजी गाठणे अचानक अवघड वाटू लागते. गोळी घेतली की नाही हे आठवत नाही म्हणून ती पुन्हा घेतली जाते. घरचे म्हणतात, ‘वय झालं, विसरायला होणारच.’ २००१ साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातील एका अभ्यासातही हेच आढळले होते : लक्षणे लोकांच्या परिचयाची होती, पण ती आजाराची आहेत असे कोणी मानत नव्हते.

ही समजूत धोक्याची ठरते ती मुख्यतः ‘शुगर लो’ होण्यामुळे. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की तरुण माणसाला घाम फुटतो, हात थरथरतात, भूक लागते. अनेक वर्षांच्या मधुमेहात हे इशारे बोथट होतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ते झाकले जातात. मग थेट असंबद्ध बोलणे, चिडणे, डोळे लावून बसणे सुरू होते आणि ते विसराळूपणाच्या खाती जमा होते. म्हणून वृद्ध मधुमेही अचानक गोंधळला तर आधी बोटाला सुई टोचून साखर पाहावी. ती कमी असेल आणि गिळता येत असेल तर तीन-चार चहाचे चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी. लाडू किंवा चॉकलेट नको. त्यातील तुपा-तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर घरातील साखर लवकर पचत नाही, ग्लुकोज पावडरच लागते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, १०८ला फोन करावा. ग्लिबेनक्लामाइडसारख्या मधुमेहाच्या गोळीने साखर उतरली असेल तर ती काही तासांनी पुन्हा उतरते. एकदा सावरला म्हणून रुग्णाला घरी ठेवणे चूक आहे.

असे प्रसंग सणावारी हमखास घडतात. चवथीला सकाळची गोळी किंवा इन्शुलिन ठरल्या वेळी घेतले जाते, पण आरती, नैवेद्य आटोपून पान वाढेपर्यंत दोन-तीन वाजतात. त्या दिवशीचा डोस आधीच डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावा. उपाशीपोटी फेणी किंवा उराक घेतल्यास यकृत साखर सोडू शकत नाही, त्यामुळे साखर रात्री झोपेतही उतरते.

दुसरी चूक सिरिंजची. आपल्याकडे इन्शुलिनच्या कुप्या बहुधा ४० युनिट प्रति मिलिलिटरच्या आणि इन्शुलिन टोचायच्या पेनमधील काडतुसे १०० युनिटची असतात. लाल टोपणाची सिरिंज ४०साठी, केशरी टोपणाची १००साठी. पेन बिघडले म्हणून काडतुसातून लाल टोपणाच्या सिरिंजने २० खुणेपर्यंत औषध ओढले, तर शरीरात ५० युनिट जातात. मंदावलेल्या नजरेला आणि मनाला हा फरक कळत नाही. साखर अशी तीव्रपणे उतरण्याचे प्रसंग वारंवार आले की डिमेन्शियाची शक्यता वाढते, आणि विसराळूपणा वाढला की असे प्रसंग वाढतात.

पासष्टीनंतर वर्षातून एकदा मेंदूची छोटी चाचणी करावी. कागदावर घड्याळाचे वर्तुळ, आकडे आणि अकरा वाजून दहा मिनिटांचे काटे काढायला सांगणे ही त्यातली सोपी कसोटी. घट दिसली की निदानाआधी बरे होण्याजोगी कारणे शोधावीत : थायरॉइड, नैराश्य, कमी ऐकू येणे, मोतीबिंदू. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी अनेक वर्षे चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व मोजावेच. ते कमी पडल्याने पायांना मुंग्या आणि विसराळूपणा दोन्ही येतात. पायांच्या आगीसाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन ही गोळी वृद्धांच्या स्मृतीवर परिणाम करते.

साखर जितकी कमी तितके बरे, हा नियम इथे लागू पडत नाही. अकॉर्ड या मधुमेहावरील मोठ्या चाचणीचा मेंदूविषयीचा भाग म्हणजे अकॉर्ड-माइंड. तीत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे माप, ६ टक्क्यांखाली आणण्याचे कडक उपचार घेतलेल्यांची विचारशक्ती चाळीस महिन्यांनंतर इतरांहून सरस ठरली नाही. मूळ अकॉर्ड चाचणीतील कडक उपचार तर मृत्यू वाढल्याने २००८ साली थांबवावे लागले. निरोगी वृद्धासाठी ७ ते ७.५ टक्क्यांखाली, विसराळूपणा असलेल्यासाठी ८ टक्क्यांखाली हे लक्ष्य धरले जाते. रक्तदाब, तंबाखू सोडणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे यांकडे तितकेच लक्ष हवे. शीत-कढी सोडायला लावण्यापेक्षा भाताचे माप आणि जेवणाची वेळ पक्की करणे वृद्धांना जमते.

डिमेन्शिया ठरल्यावर औषधांची सूत्रे घरातील एकाच माणसाच्या हाती द्यावीत. आठवड्याच्या खणांची गोळ्यांची डबी भरावी आणि इन्शुलिन देताना जेवणाचे ताट समोर असावे. जेवणाचा भरवसा नसेल तर डोसाची वेळ आणि प्रमाण यांविषयी डॉक्टरांशी आधी बोलून ठेवावे. सांभाळणाऱ्यालाही आधार लागतो. प्रशिक्षित स्थानिक सल्लागार घरी जाऊ लागल्यावर सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाल्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातील चाचणीत दिसले आहे.