२५ वाजून ३५ मिनिटांनी

वेळ लिहिताना आपण मध्ये टिंब देतो: सकाळी ९.५०. वाचणाऱ्याला ते दशांशचिन्ह वाटत नाही, डेटाबेसला मात्र वाटतं. ९.५० ला सुटलेली बस १०.१० ला पोचली, तर त्याच्या वजाबाकीत उत्तर येतं ०.६०. प्रवास होता वीस मिनिटांचा. वेळ नुसता मजकूर म्हणून ठेवली, तर क्रम लावताना '१०:१५' हे '९:३०' च्या आधी येऊन बसतं, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते आणि १ हा ९ च्या आधीचा.

म्हणून माहिती तक्त्यांत ठेवणाऱ्या रिलेशनल डेटाबेसमध्ये बहुधा 'टाइम' नावाचा वेगळा प्रकार असतो. पोस्टग्रेएसक्यूएल हा असा एक डेटाबेस ८ बाइट्समध्ये मध्यरात्रीपासून किती मायक्रोसेकंद (सेकंदाचे दहा लाखावे भाग) झाले ते साठवतो. साडेनऊ म्हणजे ३४,२०० वा सेकंद. मग तुलना, वजाबाकी सगळं साध्या पूर्णांकांचं गणित. ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये असा प्रकारच नाही, तिथे वेळेला कुठली तरी खोटी तारीख चिकटवावी लागते. एसक्यूलाइटला नुसती वेळ दिली, तर ते १ जानेवारी २००० हा दिवस गृहीत धरतं. मायएसक्यूएलचा 'टाइम' तर ८३८ तास ५९ मिनिटं ५९ सेकंदांपर्यंत जातो, उणे बाजूलाही तितकाच, कारण कालावधीही त्यातच ठेवता यावा अशी सोय आहे. मला ही सोय धोक्याची वाटते. 'साडेनऊ वाजता' आणि 'साडेनऊ तास' यांत आपली कधी गल्लत होत नाही. रकान्यातल्या ०९:३० कडे बघून मात्र यातलं काय ते सांगता येत नाही.

खरी परीक्षा मध्यरात्री होते. घड्याळ गोल आहे आणि पूर्णांकांची रेघ सरळ. रात्रपाळी २२:०० ते ०६:००. साडेअकराला हजेरी लावलेला कामगार पाळीवर आहे का, असं विचारलं तर डेटाबेस 'नाही' म्हणतो. २२ पेक्षा मोठी आणि ६ पेक्षा लहान अशी वेळ त्याच्या लेखी असूच शकत नाही. सुरुवात शेवटापेक्षा मोठी असेल, तर 'आणि' च्या जागी 'किंवा' घालावं लागतं. सरासरीचं तर आणखी वाईट: २३:५० आणि ००:१० यांची सरासरी येते भर दुपारचे बारा!

सार्वजनिक वाहतुकीची वेळापत्रकं देण्याचा जीटीएफएस हा नमुना २००५ च्या सुमारास गूगल आणि पोर्टलंड शहराची ट्रायमेट ही वाहतूक संस्था यांच्या कामातून आला. शनिवारी रात्री निघालेली बस रविवारी पहाटे १:३५ ला पोचत असेल, तर त्यात २५:३५:०० असं लिहितात. मला हे फार आवडतं. चालकाच्या आणि प्रवाशाच्या दृष्टीने ती शनिवारचीच फेरी असते. पंचांगातला वारही मध्यरात्री बदलत नाही, सूर्योदयाला बदलतो. पण पोस्टग्रेएसक्यूएलचा 'टाइम' २४:०० शी थांबतो, २५:३५ नाकारतो. तिथे ९२,१०० सेकंद असा साधा पूर्णांक ठेवावा, किंवा आपली रेल्वे लांबच्या गाड्यांना लावते तसा 'दिवस १, दिवस २' असा वेगळा रकाना करावा. मी दुसरा मार्ग निवडेन; तक्ता नुसता वाचला तरी कळतो.

राहिला प्रश्न घड्याळ कोणाचं, हा. पुण्याची आजी दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला न्यू जर्सीतल्या नातीशी बोलते. उन्हाळ्यात तिथे सकाळचे दहा असतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेली की नऊ. भेट आजीच्या साडेसातला ठरली आहे की नातीच्या दहाला, हे नुसत्या वेळेवरून कळणार नाही. वेळेसोबत ठिकाणाचं नाव, 'आशिया/कोलकाता' किंवा 'अमेरिका/न्यूयॉर्क', वेगळ्या रकान्यात हवं. जागतिक प्रमाणवेळेपासून (यूटीसी) नुसता 'उणे चार तास' असा फरक नोंदवून भागत नाही, कारण तारखेशिवाय तो उणे चार की उणे पाच हे ठरतच नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये वेळेला असा फरक जोडणारा प्रकार आहे खरा, पण तो वापरू नका असं त्याची अधिकृत माहितीपुस्तिकाच सांगते.