गटार आणि ड्रेनेज एकच समजू नका, पाईप जातोय कुठं ते आधी बघा

सांगलीत कुणालाही विचारा, बाबा तुझ्या घरातलं सांडपाणी जातंय कुठं, तर उत्तर येतं "गटारीला", जरा खोदून विचारलं की "म्हणजे ड्रेनेजला हो", आणि दोन्ही शब्द एकाच दमात. मी अठरा वर्षं झाली सांगली-मिरजेत प्लंबिंगची कामं घेतोय, सुरवातीची बरीच वर्षं मी पण असंच बोलायचो. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सरकारी नियमात दोन्हीचे आकडे वेगळे आहेत, आणि हा फरक माहीत नसल्यानं कृष्णेत जे जाऊ नये ते रोज जातंय. म्हणून आज बसून लिहितोय, लांबलं तर लांबू दे.

ड्रेनेज म्हणजे जमिनीखालची बंद लाईन. संडास, बाथरूम, मोरी यांचं पाणी त्यात पडतं, चेंबरमागून चेंबर करत उतारानं पुढं सरकतं, कुठंतरी पंपिंग स्टेशन लागतं आणि शेवटी ते प्रक्रिया केंद्रावर पोचतं, निदान पोचायला पाहिजे. गटार म्हणजे रस्त्याकडेची उघडी किंवा वरून फरशी टाकलेली पन्हळ. ती मुळात पावसाच्या पाण्यासाठी असते, पुढं ओढ्याला मिळते, ओढा नाल्याला आणि नाला नदीला. मध्ये कुठं चाळण नाही, टाकी नाही, काही नाही. आपल्याकडं शेरीनाला कुणाला माहीत नाही असं नाही, तो कृष्णेला मिळतो आणि त्याच कृष्णेचं पाणी आपण पितो. त्या नाल्याचं पाणी उचलून धुळगावकडं न्यायचं, तिथं प्रक्रिया करून शेतीला द्यायचं ही योजना काढावी लागली ती यामुळंच.

आता नियम बघू. 1974 चा पाणी प्रदूषणाचा केंद्राचा कायदा आहे, त्यात सांडपाणी वाहून नेणाऱ्या वाटेची व्याख्या दिलीय, नळी असो की पाट, उघडी असो की बंद, त्यातनं सांडपाणी किंवा कारखान्याचं पाणी वाहत असेल तर ती कायद्याच्या पकडीत येते. म्हणजे "ही काय ड्रेनेज नाही, साधी गटार आहे, हिला कुठला आलाय कायदा" असं जे गल्लीत म्हणतात ते साफ चुकीचं आहे. धंद्याचं पाणी नदीत, विहिरीत, जमिनीवर किंवा असल्या वाटेत सोडायचं असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आधी घ्यावी लागते, हे पण त्याच कायद्यात आहे.

किती घाण पाणी चालेल याचा तक्ता मात्र 1986 च्या पर्यावरण संरक्षण नियमांत आहे, सहाव्या परिशिष्टात. त्या तक्त्यात पाणी कुठं सोडताय त्याप्रमाणं वेगवेगळे रकाने आहेत, एक नदी-नाल्यासाठी, एक सार्वजनिक ड्रेनेजसाठी, एक शेतजमिनीसाठी, एक समुद्रासाठी. आपल्या कामाचे पहिले दोन. नदीत सोडणार असाल तर बीओडी (पाण्यातल्या घाणीचं एक माप, खाली सांगतो) लिटरला 30 मिलिग्रॅमपर्यंतच पाहिजे, ड्रेनेजमध्ये सोडणार असाल तर 350 पर्यंत चालतो. तरंगता गाळ नदीसाठी 100, ड्रेनेजसाठी 600. तेल-ओशट नदीसाठी 10, ड्रेनेजसाठी 20. शेतीला द्यायचं पाणी असेल तर बीओडी 100.

बीओडी म्हणजे काय ते सोप्यात सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच फिरतंय. पाण्यात अन्नाचा, मैल्याचा, दुधाचा अंश गेला की तो खायला जिवाणू लागतात, आणि खाताना ते पाण्यातला विरघळलेला प्राणवायू वापरतात. किती वापरतील त्याचं माप म्हणजे बीओडी, 27 अंशाला तीन दिवस ठेवून काढतात. चांगल्या वाहत्या नदीत लिटरमागं सात-आठ मिलिग्रॅमच प्राणवायू असतो, तेवढीच तिची शिल्लक. त्यात 350 वालं पाणी सारखं येत राहिलं तर माशांनी श्वास घ्यायचा कशावर. मासे मेले की सगळे म्हणतात कुणीतरी विष सोडलं, पण विष लागतच नाही, नुसतं दूध, मळी, खरकटं भरपूर गेलं तरी तेच होतंय.

मग ड्रेनेजला एवढी सूट का? कारण पुढं प्रक्रिया केंद्रात तेच जिवाणू टाकीत पाळून, खालनं हवा देऊन, ही खाण्याची कामगिरी नदीच्या आधी उरकून घेतात. सूट त्या टाकीच्या भरवशावर आहे. आणि ही माझी कल्पना नाही, त्याच तक्त्याखाली टीप आहे, की ड्रेनेजचे हे आकडे लागू होतील ते ती लाईन पुढं जैविक प्रक्रिया असलेल्या केंद्राला जात असेल तरच, नसेल तर ते पाणी नदीतच सोडलं असं धरायचं. म्हणजे 350 गेलं, 30 आलं. माझ्या मते सगळ्या तक्त्यात सगळ्यात महत्त्वाची ओळ ही आहे आणि सगळ्यात कमी वाचली जाते ती पण हीच.

मला ही ओळ कळली ती एका पनीरवाल्यामुळं. शेड बांधून तयार, काम सांगलीच्या एका जुन्या वस्तीजवळ, मालक कष्टाळू माणूस, पहाटे चारला उठून दूध गोळा करणारा. त्यानं मला कागद दाखवला, कुणीतरी सल्लागारानं लिहून दिलेला, की तुमचं पाणी एवढी प्रक्रिया करून 350 च्या खाली आणा, सार्वजनिक ड्रेनेजला सोडा, विषय संपला. मला फक्त जोडणी करून द्यायची होती. माझी एक सवय आहे, जोड द्यायच्या आधी पाणी जातंय कुठं ते बघतो. कपड्याची नीळ बादलीत कालवली, शेडच्या मोरीत ओतली, वर दोन बादल्या पाणी सोडलं आणि रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण उचलून बसलो. दहा मिनिटं झाली, चेंबर कोरडं ठणठणीत, तळाला नुसती माती आणि एक गुटख्याची पुडी. तेवढ्यात माझा पोरगा पलीकडनं ओरडला, पप्पा इकडं आलंय. गटारीच्या फरशीच्या फटीतनं बघितलं तर काळ्या पाण्यात निळी रेघ सरळ ओढ्याकडं निघालेली. चेंबर बांधलं होतं, झाकण बसवलं होतं, पण लाईन पुढं जोडलेलीच नव्हती, आणि त्या शेडचं पाणी जुन्या पाईपमधनं गटारीत पडत होतं.

आता पनीरचं पाणी, म्हणजे निवळी, काय दिसायला घाण नसतंय. हिरवट पिवळं, पातळ, जरा आंबूस वासाचं. मालक म्हणाला दुधाचंच पाणी आहे की, त्यानं कुणाचं काय वाईट होणार. पण त्याच निवळीचा बीओडी लिटरला तीस-चाळीस हजारांच्या घरात असतो, घरगुती मैलापाण्याच्या शंभरपटीच्या वर. त्याला हे समजावलं तेव्हा माणूस गप्प बसला, आणि मग पहिला प्रश्न विचारला की नळाचं पाणी मिसळून पातळ केलं तर? नाही चालत. पातळ केल्यानं आकडा उतरतो, नदीत जाणारा माल तेवढाच राहतो, वर चांगलं पाणी वाया जातं ते वेगळंच.

तक्त्यातली अजून एक गोष्ट बघण्यासारखी आहे. सगळ्याच बाबतीत ड्रेनेजला सूट नाही. शिसं नदीला लिटरमागं 0.1 मिलिग्रॅम, ड्रेनेजला 1, जस्त नदीला 5, ड्रेनेजला 15, इथपर्यंत सूट आहे. पण पारा दोन्हीकडं 0.01, आर्सेनिक दोन्हीकडं 0.2. कारण जिवाणू दूध खातात, मैला खातात, पारा कोण खाणार? तो टाकीतनं तसाच पुढं जातो किंवा गाळात बसतो, आणि तो गाळ उद्या कुणाच्या तरी शेतात खत म्हणून जातो. आम्ल-अल्कलीचा सामू पण सगळीकडं 5.5 ते 9 हाच, प्लेटिंगवाल्याचं ॲसिड सिमेंटचा पाईप खातं आणि टाकीतले जिवाणू पण मारतं. गॅरेजवाल्यांचं काळं ऑईल तर कुठंच सोडायचं नाही, ते घातक कचऱ्याच्या नियमात येतं, डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियावाल्यालाच द्यायचं. दवाखान्यांना त्यांचे वेगळे नियम आहेत, त्यात आत्ता शिरत नाही.

घरगुती माणसाला मंडळाची संमती वगैरे लागत नाही, पण फरक त्यानंही पाळायला पाहिजे, आणि तो उलटसुलट दोन्ही बाजूनं आहे. संडासाचं, अंघोळीचं, भांड्यांचं पाणी ड्रेनेजला, पावसाचं पाणी गटारीला. आपल्याकडं नेमकं उलटं चालतंय. ड्रेनेज नाही अशा भागात सेफ्टी टाकीचा वरचा पाईप गुपचूप गटारीत काढलेला असतो, शोषखड्डा नसतोच. आणि ड्रेनेज आहे तिथं टेरेसचे पाईप चेंबरला जोडलेले असतात, कारण तेच जवळ पडतं. ड्रेनेजची लाईन घराघरातल्या पाण्याच्या हिशोबानं टाकलेली असते, आषाढातल्या एका सरीत शंभर टेरेसचं पाणी तिच्यात शिरलं की ती भरून उलटी मारते आणि तळमजल्यावरच्या माणसाच्या संडासातनं सगळ्या गल्लीचा मैला वर येतो. ज्यानं पाईप जोडला तो तिसऱ्या मजल्यावर, त्याला काही कळतच नाही. मी असे जोड तोडून गटारीला वळवून दिलेत, अर्ध्या दिवसाचं काम आहे, खर्च फार नाही.

तेलाचं पण सांगतो. एका खानावळीमागचं चेंबर तुंबलं म्हणून बोलावलं होतं, झाकण काढलं तर पाणी दिसेचना, वर पांढरा थर, साबणाच्या वडीसारखा घट्ट, पहार मारली तर तुकडा निघाला आणि त्याच्यात भाताची शितं, मोहरी, कढीपत्ता जसाच्या तसा. गरम असताना तेल पाण्यासारखं वाहतं, पाईपमध्ये थंड झालं की धरून बसतं. खानावळ, हॉटेल, भडंग-फरसाणवाले यांनी मोरी आणि चेंबरच्या मध्ये ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल-ओशट अडवणारी पेटी, बसवायचा आणि आठवड्याला त्याची साय काढून कचऱ्यात द्यायची. घरी कढईतलं उरलेलं तेल रद्दीच्या कागदानं पुसून घेतलं तरी पुष्कळ झालं. पॅड, डायपर, ओले वाईप्स, राख, सिमेंटचं धुवण हे ड्रेनेजमध्ये पण नाही आणि गटारीत पण नाही, घनकचरा नियमांनीच गटारीत कचरा टाकायला मनाई केलीय.

हे एवढ्या कळकळीनं का सांगतोय, तर तुंबलेलं उघडायला शेवटी माणूसच बोलावला जातो. बंद चेंबरमध्ये मैला कुजून हायड्रोजन सल्फाईड साठतो, सडक्या अंड्याचा वास येतो पण गॅस जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येत नाही म्हणजे गॅस नाही असं वाटतं आणि माणूस खाली कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसरा पण. 2013 च्या कायद्यानं असं कुणालाही बिनसाधनाचं ड्रेनेजमध्ये किंवा सेफ्टी टाकीत उतरवायला बंदी आहे, तरी कुणी पाचशे रुपये वर देऊन "जरा उतरून बघ की" म्हणतं. मी माझ्या कुणालाही उतरू देत नाही. जेटिंगची, म्हणजे जोरात पाणी मारून लाईन मोकळी करणारी गाडी येईपर्यंत वास सहन करा.

आणि पुराचं तर आपल्याला वेगळं सांगायला नको. 2019 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, 2021 ला परत आलं, पण नदी रस्त्यावरून चालत येत नाही, आधी नाल्यातनं आणि गटारीतनं मागं सरकत येते. जी गटार एरवी तुमचं पाणी घेऊन जाते तीच त्या दिवसात ते परत आणून दारात ठेवते. सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोडकडच्या लोकांना हे पाठ आहे. तेव्हा तुम्ही वर्षभर गटारीत काय सोडलंय ते तुमच्याच भिंतीवर चिकटतं.

तुमची लाईन कुठं जाते हे बघायला नीळ दोन रुपयाची पुरते. चेंबरचं झाकण बाजूला करून लांब उभं राहूनच बघायचं, आत वाकायचं नाही, आणि एका चेंबरमध्ये निळं दिसलं म्हणून थांबायचं नाही, पुढच्या दोन-तीन चेंबरपर्यंत बघायचं.

पनीरवाल्यानं जोड थांबवला. निवळी आता कॅनमध्ये भरून पलीकडचे म्हशीवाले सकाळी घेऊन जातात, पेंडीत मिसळून घालतात. भांडी आणि फरशी धुतलेलं पाणी उरतं, त्याच्यासाठी संमतीचा अर्ज नव्यानं टाकलाय, यावेळी नदीचा रकाना धरून. टाकीचा खड्डा मागच्या आठवड्यात खणून झाला, पाईप मी घालणार आहे.