पटाया

पटाया : थायलंडच्या आखाताच्या पूर्व किनाऱ्यावरील पर्यटननगर. चोनबुरी प्रांतात, बँकॉकच्या आग्नेयेस रस्त्याने सुमारे १५० किमी. २९ नोव्हेंबर १९७८ रोजी त्याला स्वायत्त नगराचा खास दर्जा मिळाला. बँकॉक सोडल्यास थायलंडमध्ये दुसऱ्या कोणत्याही शहराला असा दर्जा नाही. नोंदलेली लोकसंख्या जेमतेम सव्वा लाख. प्रत्यक्षात रस्त्यावर दिसणारी माणसे याच्या कैक पट असतात, कारण पर्यटक तर बाहेरचेच, आणि हॉटेलांत, मसाज पार्लरांत, बारमध्ये राबणारेही बरेचसे ईशान्येकडील ईसान भागातून पोटासाठी आलेले. त्यांची सरकारी नोंद गावीच राहते. मराठी माणसाच्या तोंडी हे नाव सुटे क्वचित येते. ‘बँकॉक-पटाया’ असेच म्हणायचे, आणि म्हणताना बहुधा मिश्कील हसायचे, अशी रीत पडली आहे.

१७६७ मध्ये तेव्हाची राजधानी अयुथ्या ब्रह्मी सैन्याच्या हाती पडण्याच्या बेतात असताना फ्राया ताक हा सरदार (पुढे राजा ताकसिन) वेढ्यातून निसटून पूर्वेकडे निघाला. वाटेत त्याच्या सैन्याचा तळ इथे पडला आणि त्यावरून जागेला नाव मिळाले, असे परंपरा सांगते. त्यानंतर जवळजवळ दोन शतके इथे सांगण्यासारखे फारसे घडले नाही. उत्तरेकडच्या नाक्लुआत मिठागरे आणि बंदर, बाकी कोळ्यांची वस्ती. १९५९ च्या जूनअखेर नाखोन रात्चासिमा येथील तळावरून अमेरिकी सैनिकांची एक तुकडी सुट्टी घालवायला या किनाऱ्यावर आली, आणि गावाचे दिवस पालटले. पुढे व्हिएतनाम युद्ध पेटले. दक्षिणेस सुमारे ४० किमीवर उ-तापाओ येथे मोठा हवाई तळ उभा राहिला. १९६७ पासून बी-५२ बाँबफेकी विमाने तिथून उडू लागली. विश्रांतीच्या रजेवरचे सैनिक, त्यांच्यासाठी बार, बारमागे खोल्या, खोल्यांमागे हॉटेले असा विस्तार होत गेला. १९७६ मध्ये अमेरिकी फौजा थायलंडमधून निघून गेल्या, पण पाहुणचाराचा धंदा राहिला आणि त्याने नवे पाहुणे शोधले. आधी जर्मन, ब्रिटिश आणि इतर युरोपीय, सोव्हिएत संघ मोडल्यावर रशियन, मग चिनी, आणि गेल्या दोन-अडीच दशकांत भारतीय. पटायाची आजची पाटी वाचली की हा क्रम दिसतो : थाई, इंग्रजी, रशियन, चिनी आणि बऱ्याच ठिकाणी देवनागरी. आलेल्या पाहुण्याप्रमाणे स्वतःला बेतून घेणे हाच या शहराचा खरा व्यवसाय आहे; त्याच्या भल्याबुऱ्या सगळ्या गोष्टी तिथूनच निघतात.

शहर समजायला सोपे आहे. चंद्रकोरीसारखी सुमारे तीन किमीची चौपाटी. तिला लागून बीच रोड, त्याला समांतर आत सेकंड रोड, आणि दोहोंना जोडणाऱ्या क्रमांक लावलेल्या गल्ल्या, म्हणजे ‘सोई’. बीच रोडवर वाहतूक उत्तरेकडून दक्षिणेकडे, सेकंड रोडवर उलट. या फेऱ्यावर निळ्या सोंगथेव सतत फिरत असतात. मागे समोरासमोर दोन बाकडी टाकलेली ही पिकअप म्हणजे थायलंडचे वडापच : हात केला की थांबते, उतरायचे ठिकाण आले की घंटीचे बटण दाबायचे, आणि उतरल्यावर चालकाच्या हातावर ठरलेले भाडे ठेवायचे. कुठे जायचे ते आधी विचारून बसलात, तर चालक ते स्वतंत्र भाडे समजून कैक पट पैसे सांगतो. न विचारता चढणे हाच शहाणपणा. दक्षिणेस प्रतामनाक टेकडीवर सुमारे १८ मीटर उंचीची बुद्धमूर्ती आहे आणि टेकडीपलीकडे जोमतिएनचा लांब, तुलनेने निवांत किनारा. मुलाबाळांसह जाणाऱ्यांनी मुक्काम तिथे करावा.

शहराची चौपाटी मात्र फार काही नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. धूप होऊन ती अगदी अरुंद झाली होती. सरकारने बाहेरून वाळू आणून २०१९ च्या सुरुवातीपर्यंत ती सुमारे ३५ मीटर रुंद केली. तरीही मोठा पाऊस झाला की रस्त्यावरचे पाणी या वाळूत घळी पाडून समुद्रात जाते. समुद्रात डुंबायचे तर को लार्न बेटावर जावे. सहल कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत ज्याला ‘कोरल आयलंड’ म्हणतात ते हेच. बाली हाय धक्क्यावरून साधी बोट पाऊण तासात पोचवते आणि तिचे भाडे अगदी किरकोळ आहे. ग्रुप टूरवाल्यांना ती दाखवली जात नाही. त्यांच्यासाठी सकाळी स्पीडबोट, वाटेत समुद्रातल्या फलाटावर पॅरासेलिंग, मग हेल्मेट घालून समुद्रतळाशी चालणे, तावाएन किनाऱ्यावर तासभर आणि दुपारी भारतीय जेवण. तावाएनला गर्दी सर्वांत जास्त. सामाए किंवा तिएन किनारा अधिक स्वच्छ आणि मोकळा आहे. २०१३ च्या नोव्हेंबरात बेटावरून परतणारी, क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी भरलेली बोट उलटून काही जण मृत्युमुखी पडले होते. जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे, लाजू नये.

पटायात एकच गोष्ट पाहायला वेळ असेल तर नाक्लुआच्या समुद्रकाठचे ‘सत्याचे मंदिर’ पाहावे. लेक विरियाफान या धनाढ्य थाई उद्योजकाने १९८१ मध्ये ते बांधायला घेतले. तो २००० मध्ये वारला आणि काम अजून चालूच आहे. सुमारे १०५ मीटर उंचीची ही वास्तू लाकडाची आहे आणि तिचा वीतभर भागही कोरल्याविना सोडलेला नाही. खारा वारा, ऊन आणि पाऊस यांनी एका बाजूचे लाकूड झिजते तोवर दुसऱ्या बाजूला नवे बसवले जाते, त्यामुळे ती पूर्ण कधी होणार हा प्रश्न तिथे फारसा कुणी विचारत नाही. नाव मंदिर असले तरी इथे नित्यपूजा नाही. थाई, ख्मेर, चिनी आणि भारतीय परंपरांची शिल्पे एकमेकांशेजारी आहेत. ब्रह्मा, विष्णू, शिव, गणपती ओळखायला आपल्याला वाटाड्या लागत नाही. गणपती थायलंडमध्ये ‘फ्रा फिकानेत’ म्हणून घरोघरी ठाऊक आहे. आत काम करणारे कारागीर छिन्नी-हातोडी घेऊन बसलेले दिसतात आणि अभ्यागतांना हेल्मेट घालूनच आत सोडतात. वेळापत्रकात बसत नाही म्हणून अनेक सहली हे ठिकाण गाळून रत्नांच्या दुकानात तास घालवतात, याचे वाईट वाटते.

बाकीच्या ठिकाणांत नोंग नूच उद्यान मोठे. १९५४ मध्ये घेतलेल्या सुमारे ६०० एकर जमिनीवर फळबाग करण्याचा बेत होता. तो बदलून शोभेची बाग झाली आणि १९८० मध्ये ती लोकांना खुली झाली. तिथला सायकस वर्गातील (ताडासारख्या दिसणाऱ्या) झाडांचा संग्रह जगातल्या नामांकित संग्रहांपैकी आहे. हत्तींचे खेळही होतात, ते न पाहिले तरी चालेल. जवळच खाओ ची चान डोंगराच्या कड्यावर १९९६ मध्ये, राजे भूमिबोल यांच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त, शंभर मीटरहून उंच बुद्धाकृती सोनेरी रेषांनी कोरली आहे.

रात्रीचे पटाया हा वेगळाच विषय. दक्षिण टोकाची वॉकिंग स्ट्रीट संध्याकाळी वाहनांना बंद होते. बार, नाचघरे, मुष्टियुद्धाचे रिंग, समुद्री मासळीची उपाहारगृहे आणि हिंदी गाण्यांवर चालणारे क्लब एका रांगेत. डिसेंबर २०२३ पासून परवानाधारक जागा पहाटे चारपर्यंत उघड्या राहू शकतात. वेश्याव्यवसाय थायलंडमध्ये कायद्याने निषिद्ध आहे, १९९६ चा कायदा तसे सांगतो, आणि इथे तो उघड चालतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. कारणे नैतिकतेपेक्षा अर्थकारणात शोधावी लागतात : ईसानमधील कोरडवाहू भातशेती, घरी पैसे पाठवण्याची मुलींवर पडलेली जबाबदारी आणि सैनिकांच्या काळापासून बसलेली घडी. तृतीयपंथी कलाकारांचे भव्य नृत्यप्रयोग मात्र या चौकटीबाहेरचे. टिफनी १९७४ पासून आणि अल्काझार १९८१ पासून चालू असून तिथे कुटुंबेच्या कुटुंबे बसलेली असतात. ‘मिस इंटरनॅशनल क्वीन’ ही पारलिंगी स्त्रियांची जागतिक सौंदर्यस्पर्धा २००४ पासून याच शहरात भरत आली आहे. प्रयोगानंतर बाहेर उभ्या कलाकारांसोबत फोटो काढला तर पैसे द्यावे लागतात. ही त्यांची कमाई आहे. घासाघीस करू नये.

महाराष्ट्रातून इथे येण्याचे दोन ठळक मार्ग आहेत. एक सहल कंपन्यांचा, आणि दुसरा विक्रेत्यांच्या बक्षीस सहलींचा : खते, बियाणे, सिमेंट, रंग यांचे ठरलेले उद्दिष्ट गाठले की कंपनी दुकानदाराला बँकॉक-पटायाला नेते. तालुक्याच्या गावातल्या कितीतरी जणांचा पहिला पासपोर्ट याच कारणाने निघाला. अशा पुरुषांच्या गटांतल्या काहींच्या वागण्यामुळे भारतीय पर्यटकांविषयी बारवाल्यांत आणि स्थानिकांत तक्रारीचा सूर असतो, आणि तो सगळाच अन्यायाचा नाही. परवानगीशिवाय बायकांचे चित्रण करणे आणि चौघांनी एक बीअर घेऊन टेबल अडवणे या त्यातल्या ठरलेल्या तक्रारी.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. दक्षिण पटायात भारतीय उपाहारगृहे गल्लोगल्ली आहेत. थाई पदार्थ खायचे तर मासळीपासून केलेला ‘नाम प्ला’ हा खारट रस बहुतेक भाज्यांत असतो, म्हणून ‘जे’ असे सांगावे. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ही खूण असते. त्यात मांस, मासे, अंडी, दूध नसतेच, शिवाय कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मंडळींची मोठीच सोय होते. मासे खाणाऱ्यांनी नाक्लुआच्या लान फो बाजारात जावे. ताजी कोळंबी, खेकडे, कालवे निवडून विकत घ्यायची आणि शेजारीच भाजून घ्यायची. असे जेवण बीच रोडवरच्या कुठल्याही हॉटेलपेक्षा सरस आणि स्वस्त पडते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम, सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस सर्वांत जास्त. सोंगक्रान हा नववर्षाचा पाणउत्सव देशभर १३ ते १५ एप्रिलला असतो. पटायात तो लांबून १९ एप्रिलच्या ‘वान लाय’पर्यंत चालतो आणि त्या दिवशी रस्त्यावर कोरडे राहणे अशक्य. भारतीयांना नोव्हेंबर २०२३ पासून व्हिसामाफी मिळाली. मुदतीचे नियम बदलत असतात, ते निघण्यापूर्वी पाहावेत. १ मे २०२५ पासून आगमनाची माहिती आधीच ऑनलाइन भरावी लागते.

फसवणुकीत जेट-स्की पहिली : परत देताना आधीच्याच ओरखड्यांची भरपाई मागतात, म्हणून घेण्यापूर्वी चहूबाजूंनी चित्रण करावे, किंवा घेऊच नये. ई-सिगारेट नेऊ नये, ती तिथे बेकायदा आहे. राजघराण्याविषयीची टिंगल तुरुंगात नेऊ शकते. गांजा जून २०२२ मध्ये अमली पदार्थांच्या यादीतून वगळला गेला आणि दुकाने फोफावली. जून २०२५ पासून तो डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळतो. तिथले नियम काहीही असोत, तो भारतात आणणे हा गंभीर गुन्हा आहे. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात मुंबई विमानतळावर तो वारंवार पकडला जातो, म्हणून परतताना दुसऱ्या कोणाचीही पिशवी ‘फक्त मुंबईपर्यंत’ म्हणूनसुद्धा हाती घेऊ नये.