खुलासा: रजा फक्त बाळंतिणीसाठीच असते का?

‘बाळंतपण बाईचं, मग बापाला रजा कशाला? आणि मूल दत्तक घेतलं, तर विश्रांती कसली?’ वर्षानुवर्षं ऐकू येणारा हा समज चुकीचा आहे. शरीराची झीज भरून येणं हे रजेचं एक कारण. दुसरं कारण खुद्द बाळ. रात्रीची जागरणं, दर दोन-तीन तासांनी दूध, हे जन्म कोणी दिला ते पाहत नाही. बाळाला सांभाळणाऱ्या बापाच्या शरीरातही संप्रेरकं बदलतात. दत्तक मुलाचे तर आधीचे ओळखीचे हात सुटलेले असतात. नव्या माणसांवर विसंबायला त्याला जास्तच सहवास लागतो, मग ते चार वर्षांचं का असेना. स्वीडनने १९७४ मध्येच आईची रजा आई-बाप दोघांची केली. आईचा वाटा कापून मात्र बापाला देऊ नये. त्याची रजा वेगळीच हवी.