गावचा पैसा कुठं लावायचा, हे ठरवते कोण? विदर्भातल्या ग्रामसभेची पार्श्वभूमी

पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा, म्हणजे केंद्राकडून गावाला येणारा निधी, हे शब्द आता आमच्या भंडाऱ्याकडं कोणत्याही गावात पानठेल्यावर ऐकायला मिळतात. कोणी म्हणते नाली करा, कोणी म्हणते शाळेच्या वॉल कंपाउंडचं काय झालं, कोणाला आरओ पाहिजे, कोणाला गावाच्या तोंडाशी मोठं गेट पाहिजे, आणि एवढं सगळं बोलून झालं की शेवटचं वाक्य बहुतेकांचं एकच असते, "ठरवून टाकलं असंल जी त्यांनी आधीच." मला हे वाक्य फार लागते. कायद्यानं ठरवायचं तर आपणच आहे, ग्रामसभेनं, म्हणजे मतदार यादीत नाव असलेल्या गावातल्या प्रत्येक बाईनं आणि माणसानं. मग लोकांना ते दुसऱ्याचं काम का वाटते? लोक आळशी आहेत, जागरूक नाहीत वगैरे बोलून मोकळं होणारे पुष्कळ आहेत, मला ते पटत नाही. याच्यामागं शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो पाहिल्याशिवाय गावावर बोट ठेवू नये.

सुरुवात मालगुजारीपासून करावी लागते. पूर्व विदर्भात, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आताचं चंद्रपूर) या पट्ट्यात मालगुजार होते, म्हणजे गावचा सारा वसूल करून सरकारला भरणारे गावमालक, वऱ्हाडात रयतवारी होती, शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा, तिथं पाटील-पटवारी. आमच्याकडचे जे मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारी तलाव, ते याच काळातले आणि त्याच्याही आधीचे, त्यातले कितीतरी कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले. तलावाची पाळ दुरुस्त करायची, गाळ काढायचा, पाणी कोणत्या बांधीला आधी द्यायचं, गुरं कुठं चरतील, सरपण कुठून आणायचं, याचे गावागावाचे रिवाज ठरलेले होते आणि ते वाजिब-उल-अर्ज नावाच्या सरकारी दप्तरात लिहून ठेवलेले असायचे. म्हणजे गावच्या सामाईक गोष्टींचा हिशोब गावातच मांडायचा ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. पण त्या बैठकीत सगळं गाव बसत होतं असं जर कोणी सांगत असेल तर ते खरं नाही, शेवटचा शब्द मालगुजाराचा, दलित वस्तीला विचारायचा प्रश्नच नव्हता, बायांचं तर नावच नको. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, ते चांगलंच झालं. फक्त तिच्यासोबत तलावही सरकारजमा झाले, आणि पाळीला भगदाड पडलं तर गावानं माती टाकायची ही सवय हळूहळू सुटली, आता अर्ज करायचा आणि वाट पाहायची. मालगुजाराच्या हातातला निर्णय गावाच्या हातात यायला पाहिजे होता, तो ऑफिसात गेला. मला वाटते आजच्या "त्यांनी ठरवलं असंल" ची मुळं इथूनच निघतात.

कायदे तसे आधीपासून होते. मध्य प्रांतात, विदर्भ तेव्हा त्यातच होता, १९२० चा ग्रामपंचायत कायदा होता, मग १९४६ चा आला, १९४८ मध्ये तहसीलवार जनपद सभा आल्या. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला तेव्हा इकडचा कायदा वेगळा तिकडचा वेगळा असं झालं, म्हणून सगळ्यांसाठी एकच १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम केला, तो १ जून १९५९ पासून लागू आहे आणि कितीही दुरुस्त्या झाल्या तरी आजही आपली ग्रामपंचायत त्याच कायद्यावर चालते. पुढं पुसदकडचे वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिचा अहवाल १९६१ चा, आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. महाराष्ट्राचं देशभर कौतुक झालं ते याच्यासाठी आणि ते रास्तही होतं, शाळा, दवाखाने, रस्ते, शेतीची खाती एवढं सगळं जिल्ह्याकडं आलं. पण बारकाईनं पाहा, ताकद जिल्ह्याला मिळाली, गावाला मिळाली घरपट्टी, पाणीपट्टी आणि दिवाबत्ती. ज्या ग्रामपंचायतीची घरपट्टीच वर्षानुवर्षं थकलेली, तिच्या ग्रामसभेत काय म्हणून माणसं येतील, ठरवायला काहीतरी असलं पाहिजे ना.

याच काळात विदर्भात दुसरा एक धागाही चालू होता, तो सरकारी नव्हता. गांधीजी १९३६ पासून सेवाग्रामला, विनोबा पवनारला, तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज मोझरीला १९३५ पासून, गाडगेबाबा झाडू घेऊन गावोगाव फिरत होते. एका छोट्या पट्ट्यात एवढी माणसं गावानं गावाचं करावं हेच सांगून राहिली होती. विनोबांच्या भूदानातून ग्रामदान निघालं, त्यात जमिनीची मालकी गावाकडं द्यायची आणि प्रत्येकानं उत्पन्नाचा चाळिसावा हिस्सा ग्रामकोषात टाकायचा. महाराष्ट्रानं १९६४ मध्ये ग्रामदानाचा कायदासुद्धा केला. तो कायदा बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला, तरी एका गावात तो पुढं कामी आला, त्याचं खाली सांगतो.

सरकारचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या हातात पडायला १९८९ उजाडलं, जवाहर रोजगार योजना. त्याच वर्षी पंचायतींना घटनेत जागा द्यायचं विधेयक राज्यसभेत पडलं. नंतर ७३ वी घटनादुरुस्ती झाली, २४ एप्रिल १९९३ पासून लागू, आणि ग्रामसभा हा शब्द थेट घटनेत गेला. मग दहाव्या वित्त आयोगानं पहिल्यांदा पंचायतींसाठी वेगळा पैसा काढला, १९७१ च्या ग्रामीण लोकसंख्येवर माणशी १०० रुपये. रक्कम लहान पण दरवाजा उघडला. तरी पुढची पंधरा-वीस वर्षं जो काही पैसा यायचा तो योजनेचं नाव लावूनच यायचा, याच्यातून फक्त हेच करा, आणि गावानं फक्त हात वर करायचा.

त्या काळातली ग्रामसभा ज्यांनी पाहिली त्यांना हे सांगायची गरज नाही. कोतवाल किंवा शिपाई दवंडी देऊन जायचा, शाळेच्या वऱ्हांड्यात सतरंजी, एक टेबल, त्याच्यावर प्रोसिडिंगचं लांबट रजिस्टर. कोरम म्हणजे गणपूर्ती, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. अकरा वाजताच्या सभेला बारापर्यंत वीस-बावीस टाळकी, मग सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळं पुढच्या वेळी तेवढ्याच लोकांत विषय मंजूर. रजिस्टरमध्ये आधी सह्यांचं पान भरायचं आणि ठरावाची जागा कोरी ठेवायची ही पद्धत कितीतरी गावांत होती, काही ठिकाणी रजिस्टर घरोघर फिरायचं, म्हातारी दारातच अंगठा लावायची आणि विचारायची कायचं हाय बाप्पा, तर म्हणे सभेचं हाय आजी. त्या अंगठ्याखाली नंतर काय लिहिलं गेलं हे तिला कधी कळलं नाही. मला याचा राग येतो, आजही येतो, कारण त्या म्हातारीला तिच्या घरासमोरची नाली कुठून कुठं न्यायची हे कोणत्याही इंजिनिअरपेक्षा चांगलं माहीत होतं.

आता ज्या गावाचं सांगतो म्हटलं ते, मेंढा-लेखा, गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं गोंड आदिवासींचं छोटं गाव. "मावा नाटे माटे सरकार", आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं विदर्भात याच्यामुळंच माहीत झाली. तिथं बहुमत चालत नाही, सगळ्यांचं एक होईपर्यंत बोलत राहायचं, आणि विषय आधी अभ्यास गटात चघळून मग सभेत आणायचा. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडं, तो प्रश्न २०११ मध्ये सुटला, तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. बांबूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात यायला लागला. पुढं २०१३ मध्ये याच गावानं तो १९६४ चा ग्रामदान कायदा वापरून आपली जमीन ग्रामसभेकडं केली. लक्षात घ्या, इथं पैसा यायच्या वीस-पंचवीस वर्षं आधीपासून बसून ठरवायची सवय होती. लोक उलटं समजतात, पैसा आला की सभा आपोआप सुधारते म्हणून.

दुसरं पाचगाव, चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुका. २०१२ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, हजार हेक्टरच्या आसपास, मग बांबूचं काम गावानं स्वतः हातात घेतलं. मला त्या गावाचा सगळ्यात जास्त भावलेला निर्णय पैसा मिळवायचा नाही, सोडायचा आहे. तेंदूपत्त्याचा हंगाम म्हणजे आमच्याकडं उन्हाळ्यातली रोख कमाई, पण पानांसाठी झाडं छाटतात, जंगलात आगी लावतात, तर पाचगावच्या ग्रामसभेनं ठरवलं की आपण तेंदूपत्ता तोडायचाच नाही. हातात येणारा पैसा सगळ्यांनी मिळून सोडायचा असा ठराव बाहेरून कोणी लादला असता तर एक दिवस टिकला नसता.

पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्तीचे अधिकार देणारा कायदा, १९९६ चा, पण महाराष्ट्राचे नियम आले २०१४ मध्ये. विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळचा काही भाग आणि मेळघाट त्याच्यात येते. या नियमांनी ग्रामसभा कोष मान्य केला, आणि राज्यपालांच्या अधिसूचनेनंतर २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना द्यायचं सुरू झालं. अबंध निधी म्हणतात त्याला, म्हणजे न बांधलेला. चार मोठे विषय दिले, पायाभूत सुविधा, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण, आणि जंगल-पाणी-वन्यजीव, त्याच्या आत काय करायचं ते ग्रामसभेनं पाहायचं. आणि पेसात ग्रामसभा पाड्याची, टोल्याचीसुद्धा होऊ शकते, हे तर फार मोठं आहे. कारण चार गावांची गटग्रामपंचायत असली की पैसा मोठ्या गावात अडकतो आणि टोल्यावरचे लोक पाहत राहतात, हे दुखणं बिगरआदिवासी भागातही तेवढंच आहे, त्याला अजून औषध नाही.

बाकी गावांसाठी खरा बदल चौदाव्या वित्त आयोगानं केला. २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामपंचायतींना २ लाख कोटींच्या वर, आणि जिल्हा परिषद, पंचायत समितीला त्यात वाटा नाही, सगळं गावाला. राज्यानं त्याच्यासोबत "आमचं गाव, आमचा विकास" सुरू केलं, गावफेरी, शिवारफेरी, वॉर्डावॉर्डाच्या बैठका आणि मग आराखडा. जिथं मनापासून झालं तिथं लोक आले, बोलले, भांडलेसुद्धा, आणि ग्रामसभेत भांडण होणं ही माझ्या मते चांगली खूण आहे. जिथं नुसता कागद भरायचा होता तिथं आराखडा तालुक्याच्या गावी कॉम्प्युटरवाल्याकडं तयार झाला, शेजारच्या गावाचा कॉपी करून.

पंधराव्या आयोगात पुन्हा वाटे पडले, महाराष्ट्रात ८० टक्के ग्रामपंचायतीला, १०-१० टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला. आणि २०२१-२२ पासून ६० टक्के पैसा बंधित, अर्धा पिण्याच्या पाण्यावर, अर्धा स्वच्छतेवर. उरला ४० टक्के अबंधित, तोही पगार आणि आस्थापनेवर चालत नाही. पाणी आणि स्वच्छता वाईट विषय आहेत असं कोण म्हणंल, पण ज्या गावात नळ आहे आणि पांदण रस्ता नाही तिथं पावसाळ्यात खताचं पोतं डोक्यावर नेताना माणूस चिखलात गुडघाभर फसते, त्याला बंधित-अबंधित समजवून सांगता येत नाही. त्यात आयोगाची अट अशी की निवडून आलेली बॉडी नसेल तर पैसा नाही, आणि २०२२ पासून राज्यातल्या कितीतरी जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले, त्यांचा हिस्सा लटकला.

जगात हे आपल्याकडंच चाललं असं नाही. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरानं १९८९ मध्ये नागरिकांना बजेट ठरवायला बसवलं, केरळनं १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम काढून योजनेच्या पैशातला एक तृतीयांशाहून जास्त हिस्सा स्थानिक संस्थांना दिला, पुणे महापालिकेनं २००६ पासून नागरिकांकडून कामं मागवायला सुरुवात केली. केरळनं पैसा आधी दिला आणि शिकवण सोबत दिली, आपल्याकडं बहुतेक गावांना शिकवण मिळालीच नाही, मिळालं ते ॲप.

बायांच्या सभेचं मुद्दाम शेवटी ठेवलं कारण ते सध्या सगळ्यात जिवंत आहे. २००३ च्या दुरुस्तीपासून नेहमीच्या ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यावी लागते, आणि ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के खर्च महिला-बालकल्याणावर पाहिजे. बऱ्याच गावांत ही सभा आता बचत गटाच्या बायांनी भरते, त्यांना प्रोसिडिंग लिहायची, सही करायच्या आधी वाचायची सवय गटातूनच लागलेली आहे. त्या गेट मागत नाहीत, त्या अंगणवाडीला पाणी मागतात, स्मशानभूमीला शेड मागतात, हातपंप दुरुस्त करा म्हणतात. अडचण एवढीच की दुसऱ्या दिवशीच्या मोठ्या सभेत त्यांचे ठराव वाचूनच दाखवले जात नाहीत. सोळाव्या वित्त आयोगाचा काळ २०२६ ते २०३१ आहे, त्याचे आराखडे बनताना गावातल्या कोणीही उठून एवढं विचारावं, महिला सभेचं प्रोसिडिंग काढा आणि आधी ते वाचा, आणि इ-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर जो आराखडा चढवला त्याची प्रिंट सभेच्या आठ दिवस आधी बोर्डावर लावा. दोन्ही मागण्यांना पैसा लागत नाही.