मेनिन्जिओमा की लिम्फोमा? मांजराच्या मेंदूतली गाठ

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीतला बारा वर्षांचा बोका एकाच बाजूला गोल गोल फिरू लागतो, भिंतीला डोकं टेकवून उभा राहतो, मग एके रात्री झटका येतो. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये गाठ दिसते आणि खाली दोन शक्यता लिहिलेल्या असतात: मेनिन्जिओमा किंवा लिम्फोमा. "गाठ ती गाठ, नावाने काय फरक पडतो?" असं घरचे विचारतात. पडतो. पहिली बऱ्याचदा ऑपरेशन करून काढता येते. दुसरीवर मुख्य उपाय केमोथेरपी किंवा रेडिएशन.

मेनिन्जिओमा मेंदूत नव्हे, मेंदूवरच्या आवरणात सुरू होतो. मांजरांच्या मेंदूच्या गाठींत हाच सर्वाधिक. अमेरिकेतल्या २००३ च्या एका अभ्यासात अशा १६० मांजरांपैकी सुमारे ५८ टक्क्यांना मेनिन्जिओमा होता, तर सुमारे १४ टक्क्यांना लिम्फोमा. मेनिन्जिओमा सावकाश वाढतो, मेंदूला बाहेरून दाबत जातो, आणि घरचे ते सगळं म्हातारपणाच्या खात्यात टाकतात. गाठीवरचं कवटीचं हाड कधी कधी जाड झालेलं सापडतं. काही मांजरांत एकाहून जास्त गाठी असतात, त्यामुळे 'दोन ठिकाणी आहे म्हणजे पसरलाय' असा अंदाज लगेच बांधू नये.

लिम्फोमा हा रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. मेंदूत दिसतो तेव्हा तो अनेकदा किडनीत किंवा शरीरात आणखी कुठे तरी असतोच, म्हणून पोटाची सोनोग्राफी करून घेणं शहाणपणाचं. लक्षणं सहसा झपाट्याने वाढतात. पण हाच लिम्फोमा आवरणाला चिकटून वाढला तर एमआरआयमध्ये हुबेहूब मेनिन्जिओमासारखा दिसू शकतो.

खरा निवाडा पॅथॉलॉजिस्टच्या स्लाइडवर होतो. मेनिन्जिओमाच्या पेशी लांबट असतात आणि कांद्याच्या पाकळ्यांसारख्या एकमेकींभोवती गुंडाळलेल्या दिसतात. मध्ये कॅल्शियमचे गोल कण असतात. मांजरांत आणखी एक खूण हमखास शोधली जाते: सुईच्या आकाराच्या रिकाम्या फटी. तिथे कोलेस्टेरॉलचे स्फटिक होते. स्लाइड बनवताना वापरलेल्या द्रावणांत ते विरघळून गेले आणि जागा तेवढी उरली.

लिम्फोमात असं गुंडाळणं नाही. मोठ्या केंद्रकाच्या गोल पेशींचे थर, त्यात विभाजन चालू असलेल्या पेशी, आणि रक्तवाहिन्यांभोवती त्यांची कडी. अडचण अशी की मेंदूच्या साध्या दाहातही पेशी रक्तवाहिन्यांभोवतीच जमतात. शिवाय बायोप्सीचा तुकडा चिमट्यात चेंगरला असेल तर गोल पेशीही लांबट दिसतात. मग विशिष्ट प्रथिनं रंगवणारी चाचणी करावी लागते. यात व्हायमेंटिन या प्रथिनाचं नाव रिपोर्टवर बरेचदा दिसतं. पण ते दोन्ही गाठींत रंगू शकतं, त्यामुळे एकट्या त्यावर काही ठरत नाही. सीडी३ किंवा सीडी२० (पांढऱ्या पेशींवरची प्रथिनं) ठळक रंगलं, आणि तेही दाहामुळे आत शिरलेल्या पेशींत नव्हे, तर खुद्द गाठीच्या पेशींत, तर कौल लिम्फोमाकडे झुकतो.

स्टेरॉइडचा घोळ मात्र स्लाइडच्या आधीच होतो. इंजेक्शन दिलं की मेनिन्जिओमाभोवतीची सूज उतरते आणि मांजर सुधारतं. लिम्फोमाच्या पेशी मरतात आणि तेव्हाही मांजर सुधारतं. म्हणजे सुधारणेवरून ओळख पटत नाही, उलट नंतर घेतलेल्या तुकड्यात लिम्फोमाच्या मेलेल्या पेशीच हाती लागतात. जीव धोक्यात असेल तर थांबता येत नाही हे मान्य, पण बायोप्सी करायचीच असेल तर आधी घेतलेली बरी.

मांजर गेलं आणि शवविच्छेदन करायचं ठरलं, तर ठाण्याच्या दमट हवेत वेळ दवडू नये. शव बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवावं, डीप फ्रीझरमध्ये नाही. गोठलेल्या मेंदूत बर्फाचे कण पेशी फाडतात. मांजर बाहेर फिरणारं असेल, लसीचा पत्ता नसेल, तर रेबीजचा विचार आधी, आणि शव हाताळणाऱ्यांना ते आधीच सांगायचं. रेबीजच्या नेहमीच्या चाचणीला ताजा मेंदू लागतो, गाठीसाठी फॉर्मलीनमधला (फॉर्मलीन म्हणजे पेशी टिकवून ठेवणारं द्रावण). म्हणून दोन नमुने वेगवेगळे जातात: एक बर्फावर, दुसरा त्याच्या आकारमानाच्या दहापट फॉर्मलीनमध्ये.