गजकर्णाचं औषध: गोव्याच्या भुकटीपासून मेडिकलमधल्या ट्यूबपर्यंत

पावसाळ्यात टाकळ्याची भाजी खाणाऱ्यांना त्याचं संस्कृत नाव क्वचितच ठाऊक असतं: चक्रमर्द. दुसरं नाव दद्रुघ्न. दद्रू म्हणजे नायटा, गजकर्ण. बी वाटून नायट्यावर लावायचं, हा जुना उपाय. रोगामागे बुरशी आहे हे मात्र युरोपात १८४० च्या आसपास उमगलं. बर्लिनच्या रॉबर्ट रेमाक यांनी तर डोक्यावरच्या बुरशीच्या खपल्या स्वतःच्याच हातावर लावून रोग ओढवून घेतला!

त्याच शतकात मुंबईत 'गोवा पावडर' खपत होती. पिवळट तपकिरी भुकटी, लिंबाच्या रसात कालवून चट्ट्यावर लावायची. आग व्हायची, कपड्यांवर डाग पडायचे, डोळ्याला लागली तर आणखी हाल. पण गुण यायचा. गंमत अशी की तिचा गोव्याच्या मातीशी काही संबंध नव्हता. ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाच्या खोडातल्या पोकळीत ती साठते. पोर्तुगीजांमुळे गोव्यात आली आणि तेच नाव चिकटलं. हे कोडं १८७० च्या दशकात सुटलं.

पुढचा टप्पा पोटातून घ्यायच्या औषधाचा. ग्रिसिओफल्विन १९३९ मध्ये एका बुरशीतूनच मिळालं, पण नायट्यावर ते चालतं हे १९५८ मध्ये दिसलं. त्याआधी मुलांच्या डोक्यावरच्या नायट्यासाठी क्ष-किरणांनी केस गाळत असत. नंतर टर्बिनाफिन आलं आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटला.

मिटला नाही, तो मेडिकलच्या काउंटरवर बिघडला. बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टेरॉइड अशा मिश्रणाची ट्यूब चिठ्ठीशिवाय मिळायची. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून माणूस खूश. बुरशी मात्र जिवंतच, उलट त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्याने पसरायला मोकळी. मूळच्या गजकर्णात कड लाल, खवलेदार आणि मध्य मोकळा असतो. या ट्यूबनंतर कडा पुसट होतात, वर्तुळात वर्तुळ उमटतं, आणि जांघेतला चट्टा कमरेपर्यंत चढतो. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टेरॉइडं शेड्यूल एचखाली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच, आणली. तोवर बराच उशीर झाला होता.

२०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांकडून मिळालेल्या एका बुरशीला नवं नाव दिलं: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. जनुकातल्या बदलामुळे तिच्या पुष्कळ नमुन्यांवर टर्बिनाफिन फारसं चालत नाही, आणि २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमध्येही सापडली. गोव्याचं नाव घेऊन फिरणारी भुकटी ब्राझीलची होती. या बुरशीच्या नावातला 'इंडो' मात्र आपलाच.